व्यंग आणि व्यंग्य : टोपलीभर मातीचे वजन

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या आहेत, आणि त्या बाजारापासून बूढा तालाब, बूढापारा व तात्यापारा या जुन्या वस्त्या फारशा दूर नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर या भागात आलेली मराठी कुटुंबे घरात मराठी बोलत राहिली. पेढीवर हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी. अशा ठिकाणी दोन शब्द शेजारी शेजारी ऐकू येतात आणि कानाची थोडी फसगत होते. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे उणेपण, शरीरातला किंवा स्वभावातला दोष. हिंदीत ‘व्यंग्य’ म्हणजे त्या दोषावर बोट ठेवणारे लेखन. एक शब्द ‘अंग’ या शब्दापासून आला, दुसरा ‘व्यंजना’ ज्या धातूपासून आली त्याच्यापासून. त्यांचे व्युत्पत्तीत नाते नाही. व्यवहारात मात्र हिंदीतही पुष्कळ जण ‘व्यंग्या’तला ‘य’ गाळून ‘व्यंग’ असेच लिहितात, आणि दोष व दोषदर्शन यांना एकच नाव मिळते. ही चूक अर्थपूर्ण आहे, कारण उपहासाविषयीचा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. दोष दाखविला की उपहास झाला, असा समज रूढ आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने ‘व्यंग्य’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला तो लक्षात घेतला तर हा समज टिकत नाही. आनंदवर्धनाच्या परंपरेत व्यंग्य म्हणजे शब्दांत न सांगितलेला, तरीही सहृदयापर्यंत पोचलेला अर्थ. वाच्यार्थाने जे उरकते ते व्यंग्य नव्हे. उपहासालाही ही कसोटी लावता येते. ‘हा मनुष्य लोभी आहे’ असे लेखकाने सांगितले तर ती निंदा झाली. लोभी मनुष्याला त्याच्या स्वतःच्या हिशेबाने बोलू-वागू दिले, आणि त्या हिशेबाची बेरीज वाचकाने केली, तर तो उपहास. मराठी समीक्षेने विनोदाचा विचार पुष्कळ केला. विनोदाचे प्रकार पाडले, हास्याची कारणे शोधली, कोटीपासून प्रहसनापर्यंतच्या पायऱ्या लावल्या. पण उपहास दोष कोणाचा दाखवितो, कोणाच्या खर्चाने दाखवितो आणि दाखवून झाल्यावर वाचकाला कोठे उभे करतो, या प्रश्नांकडे तिचे लक्ष त्या मानाने कमी गेले. हे प्रश्न विचारायला मध्यप्रांत-वऱ्हाडचा प्रदेश सोयीचा आहे. तेथे एकाच वेळी दोन भाषांत दोन मराठी माणसे याच कामाला लागली होती.

माधवराव सप्रे आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या जन्मांत अवघे दहा दिवसांचे अंतर आहे. सप्रे 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मले, कोल्हटकर 29 जून 1871 रोजी नागपुरास. सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे मालक आणि रामराव चिंचोलकर सहसंपादक होते. म्हणजे छत्तीसगढमधील या पहिल्या महत्त्वाच्या हिंदी मासिकाची सूत्रे तीन मराठी भाषकांच्या हाती होती. मासिक 1902 अखेर बंद पडले. त्याच 1902 साली कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा पहिला विनोदी लेख ‘विविधज्ञानविस्तारा’त आला आणि ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखमालेला प्रारंभ झाला. पुस्तकरूपाने ती 1910 मध्ये प्रसिद्ध झाली. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत होते. त्यांच्या विनोदाचा पहिला विषय कोर्टातला साक्षीदार असावा, यात नवल नाही. सप्रे यांच्या ज्या कथेची येथे चर्चा करावयाची आहे तीही कोर्टाच्या निकालातूनच जन्मते.

‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा ‘छत्तीसगढ मित्रा’च्या एप्रिल 1901 च्या अंकात आली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात तिचे नाव हटकून घेतले जाते. येथे त्या वादाशी कर्तव्य नाही. कथा दोन-तीन पानांचीच आहे. एका जमीनदाराच्या वाड्याजवळ एका गरीब विधवेची झोपडी आहे. वाड्याचे आवार वाढविण्यासाठी त्याला ती जागा हवी. विधवा जागा सोडीत नाही. नवरा आणि एकुलता एक मुलगा तेथेच गेले, सून पाच वर्षांची पोर मागे ठेवून गेली. जमीनदार वकिलांचे खिसे भरतो आणि कोर्टाकडून झोपडीचा ताबा मिळवितो. पुढे एकदा तो तेथे उभा असता म्हातारी टोपली घेऊन येते. घर सुटल्यापासून नात अन्न घेत नाही, आपल्या घरीच जेवीन म्हणते; तेव्हा या घरातली टोपलीभर माती नेऊन तिची चूल घालावी, म्हणजे पोर भाकरी खाईल, एवढेच तिचे मागणे. परवानगी मिळते. टोपली भरल्यावर ती जमीनदाराला विनविते की, जरा हात लावून माझ्या डोक्यावर द्या. तो आधी रागावतो, मग नोकराला न बोलाविता स्वतःच वाकतो. टोपली जागची हलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला जे विचारते त्यात सारी कथा आहे : एवढी एक टोपली उचलत नाही, मग या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहाल?

या कथेत हसू नाही. तिला उपहास म्हणावे काय, अशी शंका त्यामुळे येऊ शकते. पण दोष उघडा करण्याची तिची रीत पाहिली की शंका राहत नाही. म्हातारी जमीनदाराला दुष्ट म्हणत नाही, शाप देत नाही, देवाला साक्षीला बोलावीत नाही. ती त्याचाच हिशेब उचलते. जमीन ही मोजून ताब्यात घेण्याची वस्तू आहे, हा त्याचा सिद्धान्त. ती फक्त मापाचा प्रकार बदलते. क्षेत्रफळात मोजलेली वस्तू ती वजनात मोजावयास लावते, आणि कागदावर सहज उचलली गेलेली जमीन हाताने उचलत नाही. उपहासाची ही सर्वांत जुनी युक्ती आहे. स्विफ्टने 1726 मध्ये गलिव्हरला लिलिपुटात नेले ते याच कारणासाठी. माणसाचा अहंकार तोच ठेवावा, त्याचे प्रमाण तेवढे बदलावे. अहंकार आपोआप हास्यास्पद होतो. सप्रे यांनी त्यासाठी अद्भुत बेट कल्पिले नाही, घरातली टोपली त्यांना पुरली.

माती उचलावयास लावून सत्ताधीशाला लाजविण्याची कल्पना सप्रे यांची एकट्याची नव्हे. कॉर्डोव्हाच्या खलिफा हकमविषयी अशी एक गोष्ट सांगितली जाते. त्याने एका गरीब स्त्रीची जमीन घेतली. काझी पोते घेऊन त्या जागेवर गेला, ते मातीने भरले आणि खलिफाला उचलावयास सांगितले. सप्रे यांना ती गोष्ट ठाऊक असो वा नसो, दोहोंतला फरक बोलका आहे. त्या गोष्टीत काझी स्त्रीच्या बाजूने उभा आहे. न्यायसंस्था शाबूत आहे आणि तीच राजाला शुद्धीवर आणते. सप्रे यांच्या कथेत न्यायसंस्थेचा निकाल आधीच लागलेला आहे, तोही पैसे चारून. काझीची जागा रिकामी आहे आणि ती म्हातारीला भरावी लागते. 1901 सालच्या मध्यप्रांतात मालगुजारी, दिवाणी दावे आणि ताबेगहाण यांचे जे जग होते ते एवढ्या एका फरकात येऊन जाते. जमीनदाराचा लोभ हा सनातन मानवी दोष खरा. पण त्या दोषाला कायद्याचे कुलूप-किल्ली मिळाली आहे, हे कथा न बोलता दाखविते.

यानंतर सप्रे यांचा हात ढिला पडतो, हेही म्हटले पाहिजे. म्हातारीचा प्रश्न ऐकून जमीनदाराचे डोळे उघडतात, तो क्षमा मागतो, झोपडी परत करतो. धनाच्या गर्वाने तो कर्तव्य विसरला होता, असेही लेखक सांगून टाकतो. जे व्यंग्य होते ते वाच्य झाले. सुधारणावादी नियतकालिकाला बोधाची निकड होती, वाचक नवा होता, ही कारणे देता येतील आणि ती खरीही आहेत. तरी तोल बिघडतो तो बिघडतोच. ज्याला टोपली उचलत नाही असा जमीनदार खरा वाटतो. त्या एका वाक्याने बदललेला जमीनदार मात्र लेखकाच्या सदिच्छेने घडला आहे. उपहासाचा वाचक ज्याला भेटतो तो मनुष्य सहसा सुधारत नाही. सुधारला तर वाचक सुटतो, कारण त्याच्या वाटचा पश्चात्ताप पात्राने उरकलेला असतो.

कोल्हटकरांनी हा धोका मुळातच टाळला. त्यांचा सुदामा कधी सुधारत नाही. बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या संगतीत तो रूढींचा पक्ष घेतो, त्यांची तत्त्वे मोठ्या भक्तिभावाने मांडतो, आणि त्या मांडणीतच रूढींची फजिती होते. निवेदकालाच मूर्खाचा पोशाख चढवावा आणि लेखकाने पडद्यामागे राहावे, ही मराठीत तेव्हा नवी गोष्ट होती. स्विफ्टने 1729 मध्ये आयर्लंडच्या दारिद्र्यावर अत्यंत शहाण्या, हिशेबी माणसाच्या तोंडून अमानुष उपाय सुचविला होता. सुदाम्याची जात तीच, फक्त त्याचा स्वभाव गोड आहे. ‘चोरांचे संमेलन’ हा लेख या पद्धतीचा चांगला नमुना. चोर सभ्य लोकांच्या रीतीने संमेलन भरवितात, आणि सभा-संमेलनांचा सारा डौल जसाच्या तसा त्यांच्या अंगी बसतो. तो इतका नेटका बसतो की मूळचा डौल कोणाचा, असा प्रश्न वाचकाला पडावा.

आज कोल्हटकर वाचताना मात्र दम लागतो. कोटीवर कोटी, कल्पनेवर कल्पना, आणि प्रत्येक वाक्याला चमकण्याची हौस. साध्या वाक्याची त्यांना जणू भीतीच वाटत होती. त्यांच्या उपहासाचे काही विषय काळाने नाहीसे केले, हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण असे की, सुदाम्याचा मूर्खपणा वाचकाला सुरक्षित ठेवतो. वाचक सुधारकी बाण्याचा, शिकलेला, सुदामा मागासलेला. दोघांत एक कुंपण आहे आणि हसण्याचा आवाज कुंपणाच्या अलीकडून येतो. रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगितल्यावर त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचा समास घातला, त्यामागची जाण येथे आठवते. मूर्खाची यादी वाचून जो खूष झाला, त्याच्यासाठी दुसरी यादी तयार होती. कोल्हटकरांच्या पोह्यांत पहिली यादी भरगच्च आहे. दुसरीचे दाणे वेचावे लागतात.

त्यांच्या परंपरेत पुढे आलेल्या गडकऱ्यांच्या ‘बाळकरामा’ने हसविण्याची ताकद कितीतरी वाढविली. ‘ठकीच्या लग्नाची मोहीम’ मराठी वाचक अद्याप विसरलेला नाही. उपवर मुलीच्या बापाची धावपळ, वरपक्षाचा तोरा, लग्नाच्या बाजारातले भाव हे सारे तेथे निर्दयपणे उघडे पडते. पण त्या हास्याचा बराच भाग ठकीच्या रूपावर खर्च होतो, हे नजरेआड करता येत नाही. बाजाराचे व्यंग दाखविण्यासाठी जिचा बाजार मांडला तिच्याच व्यंगाला हसावे, ही उपहासाची चुकलेली दिशा होय. येथे व्यंग आणि व्यंग्य यांची खरोखरच गल्लत झाली आहे. ‘एक टोकरी भर मिट्टी’ शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो : तेथे दुबळ्या पक्षाच्या दुबळेपणावर एकही शब्द उधळलेला नाही. गडकऱ्यांचे प्रेमी या निवाड्याला हरकत घेतील. त्यांनी ठकीच्या बाजूने एकदा तो लेख वाचून पाहावा. चिं. वि. जोशी (1892–1963) यांनी ही दिशा बदलली. चिमणराव स्वतःच बोलतो आणि स्वतःच फजीत होतो. त्याच्या कारकुनी भित्रेपणात, मिरविण्याच्या हौसेत, गुंड्याभाऊच्या आधाराने शूर होण्यात वाचकाला आपले घर ओळखू येते. कुंपण पडले. पण जोशी मायाळू होते. पाली वाङ्मयाच्या या पंडिताने करुणा जन्मभर अभ्यासली आणि चिमणरावाच्या वाट्याला ती जरा जास्तच आली.

पढतमूर्खाचा समास कथेत उतरला तो पुन्हा छत्तीसगढमध्ये, आणि पुन्हा हिंदीत. गजानन माधव मुक्तिबोध 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि 1964 मधील मृत्यूपर्यंत तेथलेच झाले. घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. गजाननरावांची ‘पक्षी और दीमक’ ही कथा मराठी वाचकांत असावी तितकी परिचित नाही. कथेच्या पोटात एक पक्षी आहे. त्याला वाळवी फार आवडते. एक गाडीवान वाळवी विकतो, मोबदल्यात पंख घेतो. पक्षी रोज एक पीस उपटून देतो. बाप बजावतो, पण चटक लागलेली. शेवटी उडता येईनासे होते, तेव्हा पक्षी जमिनीवर फिरून स्वतः वाळवी गोळा करतो आणि गाडीवानाला म्हणतो, ही घे, माझे पंख परत दे. गाडीवान हसून सांगतो की, मी पंखांच्या बदल्यात वाळवी देतो, वाळवीच्या बदल्यात पंख नाही. पुढे एक मांजर येते.

ही गोष्ट जो सांगतो तो सुशिक्षित आहे, संस्थेच्या चालकांच्या मर्जीने जगणारा आहे, आणि प्रेयसीला गोष्ट सांगता सांगता तिच्यातला पक्षी कोण हे त्याला कळत जाते. गाडीवानावर उपहास नाही. तो सौद्याला पक्का आहे, त्याने भाव कधी लपविला नव्हता. उपहास आहे तो पक्ष्याच्या अखेरच्या हिशेबावर, सौदा उलटा फिरविता येईल या त्याच्या भाबड्या विश्वासावर. सप्रे यांच्या जमीनदाराला वजन कळले नाही, मुक्तिबोधांच्या पक्ष्याला विनिमयाची दिशा कळली नाही. पहिला दोष सत्तेचा, दुसरा बुद्धिजीवी माणसाचा. म्हणजे जो ही कथा वाचतो, शिकवितो आणि तिच्यावर लेख लिहितो, त्याचा. बोध येथेही आहे, पण तो कोणाला सोडवीत नाही. मुक्तिबोधांना या सौद्याची किंमत ऐकीव माहितीने ठाऊक नव्हती. 1962 मध्ये मध्यप्रदेश सरकारने त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली होती.

येथे सप्रे यांच्या चरित्राकडे वळणे अप्रस्तुत ठरू नये. 1907 मध्ये त्यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. 1908 मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि कुटुंबीयांच्या आग्रहापुढे मान तुकवून माफीपत्र दिल्यावर सुटका झाली. त्या सुटकेचे ओझे त्यांनी नंतर लपविले नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, समर्थसंप्रदायाकडे वळले, आणि ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद केला. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा अनुवाद 1916 मधला, तोही त्यांचाच. जन्मभर भार कसा वाहाल, हा प्रश्न सात वर्षांपूर्वी त्यांनी एका जमीनदाराला विचारवला होता. लेखकाच्या आयुष्याने कथेची प्रत ठरत नाही, हे मान्यच आहे. पण ‘दासबोधा’तील मूर्ख आणि पढतमूर्ख यांच्या याद्या हिंदीत उतरविताना या अनुवादकाने त्या केवळ इतरांसाठी उतरविल्या नसाव्यात, असे अनुमान करण्यास जागा आहे.

या प्रवाहातली पुढची कृती मराठी भाषकाची नाही, तरी ती याच भूमीतली आहे. राजनांदगावात जन्मलेल्या आणि रायपुरात आयुष्य घालविलेल्या विनोदकुमार शुक्ल यांची ‘नौकर की कमीज’ ही कादंबरी 1979 मध्ये आली. साहेबाने आदर्श नोकराच्या मापाने एक सदरा शिवून ठेवला आहे. ज्याला तो बसेल तो नोकर. संतू बाबू हा कारकून, नोकर नव्हे. पण एके दिवशी कचेरीतले लोक त्याला धरून तो सदरा त्याच्या अंगात चढवितात आणि तो नेमका बसतो. गोगोलच्या 1842 मधील कथेत गरीब कारकुनाला हवासा ओव्हरकोट मिळतो आणि हिरावला जातो. येथे नकोसा सदरा मिळतो आणि तो अंगाला बसतो, हीच शोकांतिका. शुक्ल आवाज चढवीत नाहीत, कोटी करीत नाहीत, पश्चात्ताप घडवीत नाहीत. माप आधी, माणूस नंतर, एवढे एक सूत्र ते इतक्या साधेपणाने वापरतात की वाचकाचा हात नकळत स्वतःच्या गळपट्टीकडे जावा. कोल्हटकरांच्या चोरांना सभ्यांचा डौल जसा बसला, तसाच हा सदरा. फक्त येथे कोणी हसत नाही.

मराठी वाङ्मयेतिहासात सप्रे यांची जागा एखाद्या तळटीपेपुरती आहे, मुक्तिबोधांची त्यांच्या भावाच्या संदर्भाने. हिंदी वाङ्मयेतिहासात कोल्हटकर नाहीतच. दोन भाषांच्या कपाटांत विभागल्यामुळे एका प्रांताने ऐंशी वर्षांत केलेला एक विचार सलग वाचला गेला नाही. तो सलग वाचला की ‘एक टोकरी भर मिट्टी’चा सोपा शेवटही वेगळा दिसू लागतो. जमीनदाराने क्षमा मागितली, झोपडी परत केली, आणि कथा तेथे थांबली. चुलीसाठी मागितलेली माती टोपलीत तशीच राहिली. घर सुटल्यापासून उपाशी असलेल्या पाच वर्षांच्या नातीने भाकरी खाल्ली की नाही, हे सप्रे यांनी लिहिलेले नाही.